माझं दुखणं किसनच्या नावावर

२०२२ साल. मला सदुसष्टावं चालू होतं. भाद्रपदात एका सकाळी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या सोनोग्राफीचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "आजोबा, याला लिव्हर सिरॉसिस म्हणतात. दारूनं तुमचं यकृत कडक झालंय, त्याला गाठी आल्यात. झालं ते परत मऊ होणार नाही. दारू आज थांबली तर उरलंय त्यावर काही वर्षं निघतील. नाही थांबली तर पुढचं वर्ष मी धरत नाही."

मी त्यांना वय विचारलं. एकोणतीस म्हणाल्या. मी म्हणालो, तुमच्या वयापेक्षा जास्त वर्षं पितोय, कधी काही झालं नाही.

"झालंय, आजोबा. तेच सांगतेय," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

हे लिहितोय ते माझ्यासारख्या अडून बसणाऱ्यांसाठी. मी चौथी पास. अक्षर मोठं येतं आणि एक पान भरायला दुपार जाते. पण आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधले एसटीचे निवृत्त ड्रायव्हर मागं लागले की नव्या माणसाला वाचायला काहीतरी पाहिजे. तोंडानं सांगितलेलं पुढच्या बाजारापर्यंत टिकत नाही म्हणाले.

आमची वाडी वरंध घाटाच्या वाटेवर, हिर्डोशीच्या अलीकडं. भात आणि नाचणी, दुसरं काही नाही. गावात मला आबा म्हणतात. कुणाचं लग्न ठरवायचं, बांधाचं भांडण मिटवायचं, तर मला बोलावणं येतं. आमच्यात एक-एक बैल असलेले दोघं मिळून जोडी करतात. एक दिवस त्याच्या शेतात औत, एक दिवस माझ्या. याला सावड म्हणतात. माझी सावड किसनशी, तेवीस वर्षं झाली. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. सावडीत एक रीत आहे, जोडीदारानं हाक मारली की का म्हणून विचारायचं नाही. ही रीत ध्यानात ठेवा.

दुखणं आषाढातच दिसलं होतं. चिखलणीला माझे पाय सुजले. चिखलाचं पाणी मुरलं असेल म्हणालो. मग डोळे पिवळे झाले. काविळीचं झाडपाल्याचं औषध घेतलं, पथ्य म्हणून तेल सोडलं, दारू सोडली नाही. मग पोट फुगलं, इतकं की वाकून चपलेत बोट घालता येईना. आमच्या मंडळी, म्हणजे हौसाबाई, तिनं शिरवळच्या कंपनीतून मुलाला बोलावून घेतलं आणि दोघांनी मला पुण्याला नेलं.

पोटातल्या पाण्याला ॲसायटिस म्हणतात. यकृतातून रक्त पुढं सरकत नाही, मग पाणी पोटात झिरपतं. सुई घालून ते काढतात. फार दुखत नाही. बाटल्यांत ते पाणी ताकावरच्या निवळीसारखं दिसत होतं. मी तोंड फिरवलं.

भरती करताना विचारलं होतं, किती पिता? मी सांगितलं, कधीमधी. तिसऱ्या दिवशी त्याचं फळ मिळालं. हात थडथडायला लागले, चादरीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली, आणि मी भर वॉर्डात किसनला हाका मारत होतो की बैल सुटलेत, धर. हात पट्टीनं खाटेला बांधावे लागले. याला विड्रॉवल म्हणतात. शरीराला रोजची सवय असते आणि एकाएकी तुटली की ते असं उसळतं. यात माणूस दगावतोही. म्हणून रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी झटक्यात बंद करू नये, आणि डॉक्टरला खरा आकडा सांगावा. मी सांगितला असता तर त्यांनी आधीच गोळ्या दिल्या असत्या. पण शेजारच्या खाटेवर आमच्याच तालुक्यातला माणूस होता. त्याच्यासमोर कसं सांगायचं?

नवव्या दिवशी सोडलं. मीठ कमी, लघवीची गोळी रोज, आणि डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या मागं लिहून दिलं की भोरला दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते, तिथं जावं. मी चिठ्ठी घडी करून ठेवली. दारुड्यांच्या रांगेत बसायचं माझं वय नव्हतं.

बारा दिवस मी माझ्या हिमतीवर राहिलो. तेराव्या दिवशी एकाकडं घरभरणी होती. नारळ माझ्या हातानं फुटला आणि संध्याकाळी माझ्या हातात पेला आला. मी नाही म्हणालो नाही. त्यापुढं चौथ्या दिवशी शौचाला काळंभोर, डांबरासारखं झालं. परत पुणे. एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून नळी घालून आत बघतात. अन्ननळीतल्या शिरा फुगल्या होत्या, एक फुटली होती. त्यांना रबराच्या बारीक कड्या बसवल्या, त्याला बँडिंग म्हणतात. नळी जाताना जीव घुसमटतो. नाकानं श्वास घ्यायचा आणि एखादं ओळखीचं शेत डोळ्यासमोर आणायचं, मग निभतं.

या वेळी डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "गेलात का मीटिंगला?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग मी कितीही कड्या बसवल्या तरी काय उपयोग?"

त्या दमलेल्या दिसल्या. मीही दमलो होतो. बाहेरच्या बाकावर हौसाबाई भिंतीला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं. तिला तसं मी कधी बघितलं नव्हतं. तेव्हा ठरवलं, जायचं. पण माझ्या नावावर जायचं नाही.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. बाजारच्या दिवशी सकाळी मी किसनच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, चल, भोरला जायचंय. त्यानं टोपी घातली आणि आला. एसटीत बसल्यावर सांगितलं, दारू सोडवायची मीटिंग आहे, तुझ्यासाठी चाललोय. किसन होळीला आणि जत्रेला घोटभर घेणारा माणूस. तो खिडकीबाहेर धरणाच्या पाण्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, आबा."

मीटिंग एका शाळेच्या खोलीत दुपारी भरते. बाजारचा दिवस मुद्दाम धरलाय, गावाकडच्या माणसाला घरी सांगायला निमित्त मिळतं. सोबतच्या माणसालाही बसू देतात. दारात ते ड्रायव्हर उभे होते, रमेश नाव, पांढरा शर्ट, चेहरा हसरा. त्यांनी विचारलं, कोण? मी किसनच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "हा आमचा किसन. जरा जास्त व्हतं याचं. मी सोबत आलोय."

किसननं मागं वळून बघितलं नाही. रमेश ड्रायव्हरांनी माझ्या हाताकडं बघितलं. मी तो खिशात घातला.

आत चौदा-पंधरा माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. तिथं आडनाव लावत नाहीत. आडनाव नसलं की समोरचा कुठल्या घरचा, त्याला किती मान द्यायचा, काही कळत नाही. गवंडी, दुकानदार, तलाठी कार्यालयातला कारकून, सगळे एका ओळीत. एकेक उठतो, नाव सांगतो, 'मी मद्यपी आहे' म्हणतो, आणि आपलं सांगतो. मद्यपी म्हणजे दारूचा आजारी. कुणी सल्ला देत नाही, कुणी हसत नाही. जन्मभराची शपथ घ्या असंही म्हणत नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. मी म्हसोबापुढं तीनदा जन्मभराची शपथ घेतली होती. तिन्ही मोडल्या. एका दिवसाची घ्यायला मला लाज वाटली.

पहिल्या बाजारी किसन काही बोलला नाही. दुसऱ्या बाजारी उठला. टोपी काढून हातात धरली.

"माझं नाव किसन. मी मद्यपी हाय," म्हणाला. मग थांबला आणि बोलायला लागला: सकाळी हात कापतात म्हणून बैलाची वेसण धरता येत नाही आणि मग मी बैलाच्याच पाठीत काठी घालतो. डब्यातली दारू गोठ्यात गव्हाणीमागं ठेवतो. लेकीला कळा सुटल्या तेव्हा टेम्पो बघायला म्हणून निघालो आणि गुत्त्यावर बसलो, लेक चार तास अंगणात कण्हत होती, शेवटी दुसऱ्याच माणसानं तिला दवाखान्यात नेलं.

ते सगळं माझं होतं. लेक माझी, गव्हाण माझी. तिला नेणारा दुसरा माणूस म्हणजे किसन. गेल्या नऊ वर्षांत त्यानं त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

परत येताना एसटी गच्च होती. दांड्याला धरून उभ्यानं त्याला खालच्या आवाजात विचारलं, तुला हे बोलायला कुणी सांगितलं?

"तितं उटून बोलाय लावत्यात, आबा. माझ्याजवळ माझं एवढं न्हाई. आन् खोटं रचून सांगाया मला जमत न्हाई. म्हून तुमचं सांगितलं."

मी म्हणालो, गोठ्यातलं नको सांगू.

"बरं," म्हणाला. पुढच्या बाजारी त्यानं माझ्या सासुरवाडीचं सांगितलं.

असे तीन महिने गेले. दर बाजारी एसटीची वाट बघायची, गोळीमुळं दोनदा झुडपामागं जायचं, बाकावर गुडघे दुमडायचे, आणि आपलं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. खरं सांगतो, त्या ऐकण्यानं मला आवर बसला. संध्याकाळी हात गव्हाणीकडं जायचा आणि वाटायचं, हे आता किसनला तिथं उठून सांगावं लागेल. तरी दोनदा प्यालोच. दोन्ही वेळा कुणाला कळलं नाही, असं मी धरून चाललो.

गावात मात्र दुसरंच पसरलं. बाजारात कुणीतरी किसनला त्या खोलीत शिरताना बघितलं. एसटीच्या थांब्यावर पोरं त्याला, 'काय किसनराव, आज शाळा का?' म्हणायला लागली. किसन मान खाली घालून हसायचा. मी शेजारीच उभा असायचो. एकदा मीही हसलो.



माघात किसनच्या लेकीला, सविताला, नसरापूरकडचं स्थळ आलं. पोरगी गुणाची, पोरगा वर्कशॉपात कामाला. बघण्याच्या कार्यक्रमात गावचा वडीलधारा म्हणून मी किसनच्या वरच्या अंगाला बसलो होतो. मुलाच्या वडिलांनी माझाच नंबर घेतला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, बाकी सगळं पसंत आहे, पण कानावर आलंय की किसनराव पितात. तुम्ही जाणते आहात, खरं सांगा.

मी अंगणात उभा होतो. 'तो पीत नाही, मी पितो' एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "सुधारतोय आता. मीच नेतो त्याला मीटिंगला."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. किसनच्या बायकोनं पाणवठ्यावर हौसाबाईला सांगितलं की स्थळ फिरलं. हौसाबाई घरी आली, हंडा ठेवला आणि माझ्यासमोर बसली. फोनचं तिला ठाऊक नव्हतं, बाकी सगळं ठाऊक होतं.

"तुमी तितं कुणासाठी जाता, ते मला म्हाईत न्हाई व्हय?" म्हणाली. "तुमची बाटली त्या पोरीच्या पदराला बांधलीसा तुमी. आजारी माणूस म्हून गप बसले. आता न्हाई बसायची."

जेवायला वाढलं तिनं, पण तीन दिवस बोलली नाही.

पुढच्या बाजारी मी किसनला हाक मारायला गेलो नाही. थांब्यावर गेलो तर तो आधीच येऊन उभा. दाढी केलेली. मी स्थळाचं विचारलं. म्हणाला, "बघू आबा, तिच्या नशिबात आसंल तवा." मग म्हणाला आज येताना मीठ घ्यायचंय.

त्या दिवशी मीटिंगमध्ये रमेश ड्रायव्हर उठले आणि म्हणाले, किसनना दारू सोडून आज तीन महिने झाले, त्यांनी पुढं यावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किसन उठला नाही. टोपी मांडीवर फिरवत बसला, जमिनीकडं बघत. त्याचं मानगूट मला दिसत होतं, उन्हानं काळं पडलेलं. माझ्या वाट्याची काय काय कामं त्या मानेनं ओढली ते मला एकदम दिसलं.

मी उभा राहिलो. बाकात पाय अडकला, आधार घ्यावा लागला.

"माझं नाव धोंडिबा," म्हणालो. "मी मद्यपी हाय. यानं तीन महिनं जे सांगितलं, ते माझं हाय. ह्यो पीत न्हाई."

आणखी बरंच बोललो. फोनचंही सांगितलं. ते किसनला तिथंच पहिल्यांदा कळलं. त्याची टोपी फिरायची थांबली.

मला वाटलं होतं गलका होईल. काही झालं नाही. रमेश ड्रायव्हर म्हणाले, "बसा धोंडिबा. पैल्याच दिवशी कळलं व्हतं आमाला. हात कुनाचं कापत्यात ते दिसतंय की."

"मंग बोलला का न्हाई?"

"हितं आमी कुनाच्या वतीनं बोलत न्हाई," म्हणाले.

मागच्या बाकावरचा गवंडी फसकन हसला, मग सगळेच हसले, किसन सोडून. त्या हसण्यात टोचणी नव्हती. मी बसलो. इतका थकवा आला होता की लावणीच्या महिन्यातही आला नसेल.

परतीच्या एसटीत किसन पुढच्या सीटवर जाऊन बसला. त्याला राग धरायचा हक्क होता. वाडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा म्हणाला, "म्हंजी फोन तुमाला आलता." एवढंच. मी हो म्हणालो. तो मिठाची पिशवी घेऊन पुढं गेला.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांना सांगतो. माझं यकृत बरं झालेलं नाही, होणारही नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त तपासतात, वर्षानं नळी घालून बघतात. मीठ आजही जपून. त्या बाजारापासून मी प्यालेलो नाही, पण ते रोज सकाळी नव्यानं ठरवावं लागतं, आणि काही सकाळी ठरवायचाही कंटाळा येतो. अशा वेळी मी मीटिंगमधल्या कुणाला तरी फोन लावतो. मीटिंगला जायला शहाणपण लागत नाही, मोठी हिंमतही लागत नाही. आपलं नाव आपल्या तोंडानं घ्यायला लागतं. मला तेवढ्याला तीन महिने लागले आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घरानं भरली. डॉक्टरीणबाईंचे, हौसाबाईचे, त्या बाकावरच्या माणसांचे उपकार आहेत. किसनबद्दल उपकार हा शब्द मला पुरत नाही, म्हणून लिहीत नाही.

त्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं भोरला उतरलो आणि तिथून जीपनं नसरापूरला गेलो. मुलाच्या वडिलांचं घर विचारत विचारत सापडलं. ते म्हशीला वैरण टाकत होते. मला बघून हात पुसले, राम राम केला, आत चहाला सांगायला निघाले. मी म्हणालो, चहा राहू द्या, आधी ऐका. त्यांची म्हातारी उंबऱ्यात बसली होती, मुलगा गाडी पुसत होता. त्यांच्यासमोर सांगितलं की फोनवर मी खोटं बोललो, दारू माझी आहे, दवाखान्याचे कागद हे माझ्या नावाचे, बघा. कागद त्यांनी मुलाला दिले. त्यानं वाचले आणि खरं आहे म्हणून मान हलवली.

वडिलांनी कागद परत घेऊन त्यांची घडी घातली. मग ते म्हणाले, "किसनरावांनी धाडलं का तुमाला?"

"त्याला ठाव न्हाई मी आलोय ते," मी म्हणालो. "आज माझ्या वावराची पाळी हाय. तो तितं औत धरून आसंल."

ते खुर्ची आणायला आत गेले. मी उभाच राहिलो.